चौथऱ्याखाली काढलेले बूट

माझं सध्याचं पोस्टिंग एटोबिको, ओंटारिओ. कमांडिंग ऑफिसर सूनबाई, मृणाल. मुलगा अभिजित तिचा सेकंड-इन-कमांड. राहायला बेसमेंट, खिडकी छताला लागून, तिच्यातून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं तेवढी दिसतात. सत्तावीस वर्षं पायदळात काढून २०१७ साली नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षी इथे दाखल झालो. ०५३० ला उठतो. चहा स्वतः करतो. बर्फ पडला असेल तर ०६०० ते ०६४० ड्राइव्हवे साफ करतो. कडा सरळ रेषेत काढतो. शेजारी बघून हसतात. हसू देत.

इथल्या मराठी मंडळींना फौजी भेटला की दोन गोष्टी ऐकायच्या असतात, बर्फातली आणि गोळीबारातली. मी दोन्ही सांगतो. चहाबरोबर चिवडा मिळतो. आता जी सांगतोय ती मात्र तीन वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, मुलाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून जपून ठेवली होती.

२०१८ चा नोव्हेंबर. शनिवार, ०६५० वाजले होते. फावडं दाराशी टेकवून आत आलो तर फोनवर एक फोटो आलेला. काळ्या बुटांचा जोड, फौजी, वर्तमानपत्रावर ठेवलेला. पॉलिश असं की वरच्या ट्यूबलाइटची रेघ त्यात दिसत होती. दुसरा फोटो बुटाच्या जिभेचा, आतल्या बाजूने. तिथे बॉलपेनने गिरवलेले चार आकडे.

फौजेत प्रत्येक वस्तूवर मालकाच्या आर्मी नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे असतात. ताट, मग, बनियन, बूट, सगळ्यावर. ते चार आकडे माझे होते.

खाली मेसेज होता. "काका नमस्कार. मी अश्विनी, नायक महादेव पाटोळे यांची मुलगी. लंडनला असते, इकडचं ओंटारिओतलं लंडन. जाधवकाकांनी तुमचा नंबर दिला. हे बूट कुणाचे, तुम्हाला माहीत आहे का?"

जाधव २०१५ साली, पाटोळे गेला तेव्हा, माझा रेडिओ ऑपरेटर होता. बूट कुणाचे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने तिला ते सांगितलं नाही, माझा नंबर दिला. काय म्हणायचंय त्याला ते मला कळलं. मी फोन लावला.

"काका, इतक्या लवकर? सॉरी हं, मी आत्ता नाइट शिफ्ट करून आले, म्हणून मेसेज टाकला."

"काय करतेस तिकडे?"

"कॉलेज करते, पर्सनल सपोर्ट वर्करचा कोर्स. वीकएंडला एका नर्सिंग होममध्ये पार्ट टाइम." मग विषयावर आली. "काका, हे बूट बाबांच्या सामानात आले, गावी आईकडे असतात. बाबांचा पाय सात नंबरचा. हे नऊचे आहेत. आतला नंबर पण बाबांचा नाही. आईला बाबांचा नंबर तोंडपाठ आहे."

"बरं."

"बाबांना आणलं पाचव्या दिवशी. शवपेटी कुणालाच उघडू दिली नाही, आईला पण नाही. मग आठवड्याने ट्रंक आली, त्यात हे. आई म्हणाली, बूट दुसऱ्याचे आहेत, म्हणजे माणूस पण दुसऱ्याचाच आला. तेव्हापासून तेच. श्राद्ध घालू देत नाही. कुंकू लावते. आजी बोलते, गाव बोलतं, कुणाचं ऐकत नाही. म्हणते, परदेशात गोंधळ झालाय, हे कुठेतरी अडकलेत."

"आणि तू काय म्हणतेस?"

"आय डोन्ट नो, काका. आधी वाटायचं आई वेडी झालीय. आता कधीकधी मलाही वाटतं, असेलही. तुम्ही होतात ना तिथे? खरं सांगा. ते बाबाच होते का?"

एका शब्दात उत्तर देता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं ते असं: "फोनवर नको. इकडे ये."

"नेक्स्ट सॅटर्डेची शिफ्ट स्वॅप करते. बसने येईन."

सात दिवस मिळाले. ते मी खोटं रचण्यात घालवले, हेही लिहून टाकतो. स्टोअरमध्ये अदलाबदल झाली, असं सांगायचं. होते तशी अदलाबदल. कुणाला शंका आली नसती. पण मग आईची समजूत आणखी पक्की झाली असती, कारण एक अदलाबदल झाली तर दुसरीही होऊ शकते. आणि खरं सांगावं तर त्या बाईने तीन वर्षं धरून ठेवलेला नवरा मी काढून घेणार. कुठून गेलं तरी खड्डाच.

आता २०१५ कडे येतो.

आमची पलटण शांतिसेनेच्या कामावर दक्षिण लेबनॉनमध्ये होती. काम साधं. टेकडीवरच्या पोस्टवरून बघायचं, जे दिसेल ते लिहायचं, वायरलेसवर कळवायचं. निळी टोपी, पांढऱ्या गाड्या. सकाळ-संध्याकाळ गस्त. गावातली माणसं ऑलिव्ह आणि पाव आणून द्यायची, आमचा डॉक्टर त्यांच्या म्हाताऱ्यांना तपासायचा. आठ महिन्यांत आम्ही एकही गोळी झाडली नव्हती.

टूर संपत आली की प्रत्येक तुकडीला एक दिवस फिरायला नेत. समुद्रकाठी एक जुनं शहर होतं. ग्रीकांच्या काळातलं, पुढे रोमनांनी वाढवलेलं, आता नुसते अवशेष. त्याचं नाव लिहीत नाही. गोपनीयतेचे सह्या केलेले कागद अजून लागू आहेत की नाहीत ते मला माहीत नाही, आणि विचारायला कुठे जाऊ?

तारीख जूनमधली. पार्टी कमांडर मी. माझ्यासह आठ जण, शिवाय दोन ड्रायव्हर. ०९१५ ला निघालो, १००५ ला फाटकाशी पोचलो. ड्रायव्हर गाड्यांपाशी राहिले. हेल्मेट आणि जॅकेट गाडीत ठेवायची सूट होती. बुटांची नव्हती. पोस्टबाहेर पाय पडला की बूट उतरायचे नाहीत, हा स्टँडिंग ऑर्डर. तो मीच महिन्यातून एकदा सगळ्यांना वाचून दाखवायचो.

शहर दाखवायला अबू सामी नावाचे गृहस्थ होते. निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे, उन्हाची टोपी, हातात काठी. ते इंग्रजीतून सांगत, मी मराठी करून पोरांना सांगायचो. माझं इंग्रजी सेवेपुरतं. त्यामुळे इतिहासाचं मी काय केलं असेल ते रोमनच जाणोत.

दगडी फरसबंदीचा रुंद रस्ता होता, त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. दोन्ही बाजूंना खांब, काही उभे, काही आडवे. पुढे स्नानगृह, त्याच्या जमिनीखाली पोकळ्या, तिथे जाळ करून वरची फरशी तापवायचे म्हणे. रस्ता संपतो तिथे समुद्र.

जाधव म्हणाला, "साहेब, एवढे खांब आहेत, छप्पर कुठे आहे?"

"दोन हजार वर्षं टिकेल असं छप्पर तुझ्या गावात आहे का?"

"नाही साहेब. आमचं दर पावसाळ्याला गळतं."

नायक महादेव पाटोळे मागे राहिला होता. सातारा जिल्हा, कोरेगाव तालुका. वय छत्तीस. बाप गवंडी, आणि फौजेत येण्यापूर्वी हाही त्याच्या हाताखाली राबलेला. दोन वर्षं तो माझा सहायक होता. माझा चहा, माझा बिस्तरा, माझ्या बुटांचं पॉलिश त्याने सांभाळलं. बढती मिळून नायक झाला, ते काम सुटलं, तरी सवय गेली नाही. माझ्या बुटाला धूळ दिसली की खिशातलं फडकं काढायचा. मी रागवायचो. तो म्हणायचा, "साहेब, तुमचे बूट म्हणजे पलटणीचं तोंड."

तो एका भिंतीला तळहात लावून उभा होता.

"काय झालं पाटोळे?"

"सांधा बघतोय साहेब. चुना नाही, सिमेंट नाही. नखसुद्धा आत जात नाही." मग म्हणाला, "त्यांना विचारा, वरचे दगड कुठे गेले."

अबू सामींनी सांगितलं, नंतर आलेल्यांनी घरं बांधायला नेले.

"मग आमच्या गावासारखंच," पाटोळे म्हणाला. "गढीचे दगड सगळ्यांच्या उंबऱ्याला."

१११० वाजता आम्ही एका चौथऱ्यापाशी आलो. सहा पायऱ्या, वर चार खांब, मधोमध रिकामी जागा. अबू सामी म्हणाले, "टेम्पल." मी म्हणालो, "देऊळ."

माझ्यामागचे सातही जण पहिल्या पायरीशी थांबले. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मूर्ती नाही, घंटा नाही, पुजारी मरून सोळाशे वर्षं झालेली. तरी देऊळ म्हटल्यावर पोरांचे पाय अडले. अबू सामींना कळेना, ही माणसं वर का येत नाहीत.

पाटोळे म्हणाला, "साहेब, बूट?"

हा प्रश्न त्याने मला विचारला आणि उत्तर द्यायची जबाबदारी माझी होती. ऑर्डर मला पाठ होता. आजूबाजूला शाळेची सहल होती, दोन जोडपी फोटो काढत होती, समुद्रावरून वारा येत होता. मी म्हणालो, "काढा. पाच मिनिटं."

आठ जोड बूट पायरीखाली एका ओळीत लागले. टाचा सरळ, नाड्या आत खोचलेल्या, बरॅकमध्ये लावतात तसे. आम्ही अनवाणी वर गेलो. दगड तापला होता. पाटोळेने हात जोडले आणि मला विचारलं, "देव कुठला होता?"

अबू सामींनी खांदे उडवले. कुणी समुद्राचा म्हणतं, कुणी सूर्याचा. नक्की कुणालाच माहीत नाही.

"कुणी का असेना," पाटोळे म्हणाला. खिशातली लिमलेटची गोळी काढली, कागद सोडवून ती मधोमध ठेवली आणि कागद परत खिशात घातला. मग तो सगळ्यांत आधी खाली उतरला आणि पायरीवर बसून बूट घालू लागला. बाकीचे त्याच्यामागे एकेक उतरले. मी वरच, अबू सामींचं काहीतरी ऐकत होतो.

१११८ वाजता शहराच्या बाजूने गोळीबाराचा आवाज आला. आधी तुटक, मग सलग.

तिथे लग्नातही हवेत गोळ्या झाडतात, मयतीलाही झाडतात. त्यामुळे पहिलं मिनिट कुणी हललं नाही. मग वरच्या खांबाचा टवका उडाला आणि शाळेच्या मुली किंचाळल्या. जाधवचा सेट बोलायला लागला, फोर म्हणजे आमची पार्टी.

"कंट्रोल टू फोर. सब पार्टी गाडी पर वापस. तुरंत. ओव्हर."

"फोर टू कंट्रोल. विल्को, निकलते हैं. क्या हुआ है? ओव्हर."

"सिच्युएशन नॉट क्लिअर. आउट."

मी ओरडलो, "गाडीकडे! पळा!" अबू सामी खांबाला धरून थिजले होते. मी त्यांच्या काखेत हात घातला आणि चौथऱ्याच्या मागच्या बाजूने, जिथे आडोसा होता तिथून, त्यांना ओढत खाली नेलं. बूट पुढच्या बाजूला होते. माझे सोडून बाकी सगळ्यांचे पायांत गेले होते, पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पायांखाली फुटके दगड होते, काचा होत्या. काही जाणवलं नाही.

अर्ध्या रस्त्यात सेट पुन्हा बोलला.

"कंट्रोल टू फोर. जहाँ हो वहीं कव्हर लो. मूव्हमेंट बंद. ओव्हर."

एका मिनिटात दोन ऑर्डर, एकमेकांच्या उलट. मी कुठला पाळला? दोन्ही नाही. निम्मे गाडीपाशी पोचले होते, निम्मे रस्त्यावर. मी हाताने खूण करून सगळ्यांना पुढे काढलं.

११२४ ला गाडीच्या आडोशाला गिनती केली. मला धरून सात.

"पाटोळे कुठे आहे?"

जाधव म्हणाला, "माझ्या मागेच होता साहेब. तुमच्या पायांकडे बघत होता."

मी पायांकडे बघितलं. अनवाणी, रक्ताळलेले.

इथे माझ्या डोक्यात गोंधळ आहे आणि तो मिटत नाही. पळताना मी पाटोळेच्या बाजूने गेलो होतो. तेव्हा मी काही बोललो का? मी नंतर जाधवला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही काहीच बोलला नाहीत." अबू सामींना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही तुमच्या भाषेत काहीतरी ओरडलात आणि पायांकडे हात केला. मला स्वतःला आठवत नाही. ओरडलो असेन तर मी त्याला पाठवलं. नसेन तर तो आपणहून गेला. हजार वेळा तो रस्ता मनात पळून झालाय, पण त्या जागी आवाजच नाही.

११२७ ला मी आणि जाधव मागे गेलो. चौथऱ्यापासून वीसेक पावलांवर तो एका खांबाच्या बैठकीला टेकून बसला होता. स्वतःचे बूट पायांत, नाड्या नीट बांधलेल्या. हातांत माझे बूट, छातीशी धरलेले. गोळी वरून आली होती, मानेजवळून आत गेली होती. कुणीतरी आभाळात झाडलेली, उतरताना त्याला सापडलेली.

त्याने मला बघितलं. म्हणाला, "साहेब, पाय."

एवढंच. आम्ही त्याला उचललं. गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ११४० ला तो गेला. गोळीबार ११४५ ला थांबला. कशाचा होता, ते आजही माहीत नाही. एकाने सांगितलं लग्न, एकाने सांगितलं दोन घराण्यांचं भांडण, एकाने सांगितलं कुणा पुढाऱ्याची मयत.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. पोरांनी साहेबाला सांभाळून घेतलं. बूट काढल्याचं सहा जणांपैकी एकानेही तोंडातून काढलं नाही, अळीमिळी गुपचिळी. माझे पाय बघून विचारलं तेव्हा मी म्हणालो, म्हाताऱ्याला उतरवताना बूट निसटले. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, माघार घेताना भरकटलेली गोळी लागून मृत्यू. एक शब्द खोटा नव्हता त्यात.

माझे बूट गाडीत त्याच्याजवळ पडले होते, म्हणून क्लार्कने ते त्याच्या सामानात लिहिले. यादी माझ्यासमोर सहीला आली. सातवी ओळ: बूट, एक जोड. मी ओळ वाचली. आतले आकडे क्लार्कने बघितले नव्हते. हे माझे आहेत म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, पायांतून उतरले कसे? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? मी सही केली. भ्यालो होतो. पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

शनिवारी १०३० ला अश्विनी बसमधून उतरली. अभिजितने गाडीने घरी आणलं. तिचा चेहरा बापाचा, भुवया तर तशाच जुळलेल्या. मृणालने पोहे केले. अश्विनीने बशी संपवली, सिंकमध्ये धुऊन ठेवली, मग माझ्यासोबत बेसमेंटमध्ये आली. मी खुर्चीवर, ती पलंगाच्या कडेला.

"ते बूट माझे आहेत," मी म्हणालो.

आणि वर लिहिलंय ते सगळं, वेळांसकट, तिला सांगितलं. सही केल्याचंही. झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे बाबाच होते."

"हो. माझ्या मांडीवर गेले. हॉस्पिटलमध्ये ओळख मी पटवली. शंभर टक्के."

ती एकदम रागाने म्हणाली, "एक वाक्य, काका! एक फोन केला असता तरी चाललं असतं. आईने तीन वर्षं काय केलंय माहितीये तुम्हाला?"

"नाही."

"मग तिलाच सांगा. उद्या सकाळी. मी नाही सांगणार. आय कान्ट."

रात्री तिची सोय मृणालने वरच्या खोलीत केली. मी पडून राहिलो. झोप लागली नाही, हे सांगायला नकोच.

रविवारी ०७३० ला, म्हणजे गावी संध्याकाळी सहा वाजता, अश्विनीने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. सुमनवहिनींना मी पहिल्यांदा बघत होतो. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू. मागे भिंतीवर पाटोळेचा फोटो, वर्दीतला. त्याला हार नव्हता.

"वहिनी, मी नायब सुभेदार साळुंखे."

"ह्यांच्या तोंडात सारखं नाव असायचं तुमचं, साहेब."

मी उभा राहिलो. बसून सांगता येईना. बूट माझे, इथपासून सुरुवात केली. देऊळ सांगितलं, लिमलेटची गोळी सांगितली, ऑर्डर मोडायची परवानगी मी दिली ते सांगितलं. मी त्यांना पाठवलं की नाही हे मला खरंच आठवत नाही, तेही सांगितलं. बोलताना त्या कपाळाकडे बघवेना. एका बाईचा नवरा मी दुसऱ्यांदा नेत होतो.

"तुम्ही सोता बघितलं ह्यांना?"

"हो वहिनी. शेवटपर्यंत जवळ होतो."

"काय बोलले?"

"साहेब, पाय. एवढंच."

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या पायांत काय नव्हतं?"

"नव्हतं."

"मग ते जाणारच हुते. तुम्ही नको म्हनला असता तरी गेले असते." आणि पुढे म्हणाल्या, "मी दर शनिवारी पॉलिश केलं त्या बुटांना. म्हनलं, ज्याचे हायत तो कधीतरी न्यायला येईल, आन् येताना ह्यांना घिऊन येईल."

मी खाली बसलो. अश्विनीने पाठीमागून खांदा धरला. सत्तावीस वर्षांत ज्युनियरसमोर डोळे पुसले नव्हते. त्या दिवशी महादेवच्या पोरीसमोर पुसले.

"मला माफ करा वहिनी."

"ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "आधी बूट घिऊन जावा तुमचे. ह्यांनी ते तुमच्यासाठी आनले हुते न्हवं? मग तुमच्यापर्यंत पोचायला पायजेत."

त्यांनी फोन ठेवला. मी बरोबर केलं की चूक, हे मला त्या रविवारी कळलं नाही, पुढे अख्ख्या हिवाळ्यातही कळलं नाही. अश्विनी अधूनमधून फोन करायची. आईचं विचारलं की म्हणायची, "गप्प असते काका. कुंकू आहे अजून. मी काही विचारत नाही."

एप्रिलमध्ये अश्विनी सुट्टीला गावी गेली. मे २०१९ मध्ये परतली ती विमानतळावरून सरळ एटोबिकोला. बॅगेत कपड्यांच्या मधोमध, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले बूट होते. मी जिन्याच्या पायरीवर बसून ते पायांत घातले. थोडे घट्ट झालेत. नाड्या बांधल्या, उभा राहिलो. अश्विनीने फोटो काढून आईला पाठवला.

दहा मिनिटांनी वहिनींचा आवाज आला, व्हॉइस मेसेजमध्ये.

"पोचले का? बरं झालं. पुढच्या म्हैन्यात ह्यांची तिथी हाय. औंदा श्राद्ध घालते."